गोळी लपते, शिधा लपत नाही

एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळ्यांची महिन्याची डबी हाताच्या मुठीत मावते. औंधच्या जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रातून ती घेतली, पिशवीच्या तळाशी ठेवली, वर मेथीची जुडी टाकली, की मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात पोचेपर्यंत कोणाला काही कळत नाही. धान्याचं तसं नाही. पस्तीस किलोचं पोतं रेशन दुकानातून निघालं की अख्ख्या आळीला दिसतं, आणि ते कोणत्या कारणानं मिळालं हा प्रश्न पोत्याच्या आधी घरी पोचतो.

औषध बिनबोभाट पोचवण्याची वाट सरकारनं २००४ पासून कष्टानं बांधली. १ एप्रिल २००४ ला महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी सुरू झाली आणि तिनं लाखो माणसांना मरणाच्या दारातून परत आणलं. त्या माणसांच्या ताटात काय पडतं, हे विचारणारी तशीच शांत वाट मात्र आपल्याकडे अजून नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात २४.०१ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले ३.९४ लाख महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

भाताच्या गावात विकतचा तांदूळ

चांदे-नांदे ही नावं मुळशी तालुक्यात जोडीनंच घेतात. हा भाताचा मुलूख. खाचरांत आंबेमोहोर आणि इंद्रायणी, डोंगरउतारावर नाचणी-वरई, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे आणि रानभाज्या. ज्याच्याकडे पाच-दहा गुंठे होते, त्याच्याही कणगीत दिवाळीनंतर काही महिन्यांचं भात असायचं. रोकड नसली तरी पेज व्हायची.

हिंजवडीचं आयटी पार्क शेजारी वाढलं आणि या पट्ट्यातल्या जमिनीला गुंठ्याचा भाव आला. काहींचं भलं झालं. ज्यांची जमीन गेली, किंवा जी मुळात कुळाची, वाट्याची, नाहीतर भावाच्या नावावर होती, त्यांच्यासाठी एकच गोष्ट बदलली, पण तिनं सगळं बदललं: अन्न आता दुकानातून येतं आणि दुकानात रोख लागते. बांधकामावर मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेले मजूर तर पहिल्या दिवसापासून विकतचंच खातात. मजुरी थांबली की चूल थांबते, मधे कणगी नाही.

या गणितात एचआयव्ही घालून पाहा. पुढे ज्या घराचा हिशोब मांडतो आहे ते कल्पनेतलं आहे, त्यातले दर आणि नियम मात्र खरे आहेत. चांद्यातली एक विधवा, वय चाळिशीच्या आत, सोबत दोन मुलं. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. एआरटी केंद्रात जायचा दिवस म्हणजे रोज बुडाला. वर जाण्यायेण्याचं भाडं, रांग आणि बाहेरचा चहा. औषध फुकट, पण ते आणायचा दिवस फुकट नाही. म्हणून स्थिर झालेल्या रुग्णांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. कोविडच्या काळात तिला वेग आला. वर्षाच्या बारा खेपांच्या चार झाल्या तर आठ दिवसांची मजुरी वाचते, आणि आठ दिवसांची मजुरी म्हणजे महिन्याची डाळ आणि तेल.

अन्न-असुरक्षितता कशाला म्हणायचं

उपाशी झोपणं हे तिचं शेवटचं टोक. ती सुरू होते त्याच्या फार आधी, काळजीपासून. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ती मोजायला आठ प्रश्न ठरवले आहेत. साध्या मराठीत ते असे विचारता येतील: गेल्या वर्षभरात पैशांअभावी घरातलं अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का? चांगलं, पौष्टिक खाता आलं नाही असं झालं का? तेच ते खावं लागलं का? एक वेळचं जेवण चुकवलं का? पाहिजे त्यापेक्षा कमी खाल्लं का? घरातलं सगळं संपलं का? भूक असून जेवला नाहीत असं झालं का? पूर्ण दिवस काही न खाता गेला का?

पहिल्या तीन प्रश्नांना 'हो' म्हणणारा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. तो चहा-बिस्किटावर सकाळ काढतो, दुपारी वडापाव खातो, रात्री भात आणि पाणीदार आमटी. पोट भरतं, शरीराची भर होत नाही. एचआयव्हीच्या नव्या औषधांत डोल्युटेग्राविर आहे आणि त्यानं काहींचं वजन वाढतं. वजन वाढलं म्हणजे खाणं चांगलं चाललंय, असा समज करून घेऊ नये. नुसत्या भात-मैद्यावर वाढलेल्या वजनाखाली रक्त कमी आणि साखर जास्त असू शकते.

विषाणू काय मागतो

शरीरात विषाणू असला की प्रतिकारयंत्रणा सतत कामावर असते आणि त्या कामाला इंधन लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली केलेल्या हिशोबानुसार, कोणतीही लक्षणं नसलेल्या एचआयव्ही बाधित प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के जास्त उष्मांक लागतात. लक्षणं, ताप, संसर्ग सुरू झाले की ही गरज २० ते ३० टक्क्यांनी वाढते. वजन घटत असलेल्या बाधित मुलांना ५० ते १०० टक्के जास्त लागू शकतात. गरज वाढते नेमकी तेव्हाच तोंडात फोड येतात, अन्न गिळवत नाही, जुलाब होतात आणि कामावर जाता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. उपासमारीनं आतड्याचं अस्तर आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कमकुवत होतात. फार कमी वजनावर एआरटी सुरू करणाऱ्यांत पहिल्या काही महिन्यांतले मृत्यू जास्त असतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधक डॉ. शेरी वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या दुहेरी फासाची मांडणी केली. त्यांच्या मते भूक तीन वाटांनी एचआयव्हीला बळ देते. एक वाट शरीराच्या पोषणाची, दुसरी मनाच्या खचण्याची, तिसरी वागण्याची: गोळ्या चुकवणं, केंद्रात न जाणं, पोटासाठी नको ते नातं पत्करणं. आणि एचआयव्ही परत भूक वाढवतो, कारण तो कमावता हात आजारी पाडतो आणि लोकांना त्या घराशी व्यवहार टाळायला लावतो.

आफ्रिकेतल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली, ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एआरटी सुरू झाल्यावर मेलेली भूक परत येते, कधी खवळून येते. ही बरं होण्याची खूण. पण घरात अन्न नसेल तर तीच भूक सहन होत नाही, आणि काही माणसांनी भूक लागू नये म्हणून गोळ्या बंद केल्या.

गोळी आणि जेवण

आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे: मोठ्या आजाराची गोळी गरम पडते, तिच्यावर दूध-तूप पाहिजे, नाहीतर ती घेऊच नये. जुन्या औषधांच्या काळात या समजुतीला थोडा आधार होता. झिडोव्युडिननं मळमळ आणि रक्तक्षय व्हायचा. इफाविरेंझ रात्री झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायला सांगत, कारण तेलकट जेवणानंतर ते जास्त शोषलं जाऊन चक्कर, वाईट स्वप्नं वाढायची. स्टॅव्ह्युडिननं गाल बसायचे, आणि तेवढ्यावरून गाव ओळखायचं. ते औषध पुढे बंद झालं, हे फार चांगलं झालं.

आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. ही गोळी जेवणासोबत चालते आणि जेवणाशिवायही चालते. घरात काही नाही म्हणून गोळी चुकवू नये, हे प्रत्येक समुपदेशकानं प्रत्येक वेळी सांगावं इतकं महत्त्वाचं आहे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, तसंच आम्लपित्ताची काही औषधं डोल्युटेग्राविरला शरीरात शिरू देत नाहीत. म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. लोह-कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर असेल तर दोन्ही एकत्र घेता येतात. ही सवलत रिकाम्या पोटी लागू नाही. म्हणजे गरोदर बाईला अंगणवाडीतून आणि आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि त्या घेण्याची सोपी पद्धत तिच्या ताटात काही असेल तरच चालते.

क्षयरोग जोडीला आला तर आणखी एक गाठ. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून डॉक्टर त्याचा जादा डोस देतात. गोळ्यांची संख्या वाढते, मळमळ वाढते, आणि सकाळी उपाशीपोटी मूठभर औषधं गिळायची वेळ येते.

पोत्याचा हिशोब

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. हे धान्य नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. तरी ते किती पुरतं, हे पाहायला हवं.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम, सुमारे ५८० उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २,१३० उष्मांक लागतात. त्यात एचआयव्हीमुळे १० टक्के मिळवले तर सुमारे २,३४०. म्हणजे रेशननं चौथा भाग भागला. प्रथिनांची शिफारस ४६ ग्रॅमची. १६७ ग्रॅम गहू-तांदळातून पंधराच्या आसपास येतील. आपल्या कल्पनेतल्या घरात तीन माणसं आहेत. त्यांना अंत्योदयचं पिवळं कार्ड मिळालं, तर माणशी रोज सुमारे ३९० ग्रॅम, म्हणजे साडेतेराशे उष्मांक. प्राधान्य कार्डाच्या दुपटीहून जास्त. लहान कुटुंबासाठी या दोन कार्डांतलं अंतर फार मोठं आहे.

३ जून २००९ ला केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं, की दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्ही बाधितांच्या पात्र कुटुंबांना अंत्योदय यादीत प्राधान्यानं घ्या. सूचना चांगली आहे. पण अंत्योदय कार्डांची संख्या राज्याला ठरवून दिलेली असते. त्याला पुरवठा खात्याच्या भाषेत 'इष्टांक' म्हणतात. इष्टांक भरलेला असला की नवं नाव घ्यायला जुनं नाव निघावं लागतं. 'इष्टांक संपला' हे दोन शब्द ऐकून परत आलेल्या माणसाला २००९ च्या सूचनेचा काय उपयोग?

अर्जातला आजार

रोख मदतीसाठी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्या लाभार्थ्यांत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोगाबरोबर एचआयव्ही बाधितांचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ मध्ये अनुदान महिना १,००० वरून १,५०० रुपये झालं. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपये. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये होती. वर्षात ६८ दिवस ती मिळाली तरी मर्यादा ओलांडली जाते. धुणीभांडी करणारी बाई खरं उत्पन्न सांगेल तर बाहेर, आणि उत्पन्न दडवावं तर तो कागदही कोणाच्या तरी हातापाया पडून मिळवायचा. शिवाय १५ वर्षांचा रहिवास लागतो, म्हणजे बांधकामावरचा परप्रांतीय मजूर पहिल्याच ओळीत गळतो.

पण माझ्या मते खरी अडचण रकमेची नाही. अर्जाला सरकारी रुग्णालयाचा दाखला जोडावा लागतो आणि त्यावर आजाराचं नाव असतं. तो कागद तलाठ्याकडे, सेतू केंद्रात, तहसील कचेरीत आणि मग तालुक्याच्या समितीसमोर जातो. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, सदस्य तालुक्यातलेच. मुळशीसारख्या तालुक्यात पौडच्या कचेरीत बसलेल्या माणसाची बहीण चांद्यात दिलेली असू शकते. यात कोणी वाईट असण्याची गरज नाही. एखाद्यानं कळवळून घरी सांगितलं, 'अगं, त्या अमकीला एड्स आहे, बिचारी,' तरी पुरे. दुसऱ्या दिवशी सोसायटीतलं एक काम सुटतं, मग दुसरं. पंधराशे रुपयांसाठी सहा हजारांची कामं घालवायची का, असा हा सौदा आहे, आणि पुष्कळ माणसं तो नाकारतात. आपण कचेरीत बसून म्हणतो, 'योजना आहे, पण लोक पुढे येत नाहीत.'

कायदा या बाबतीत बाजूनं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही, दुसऱ्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ती सुरक्षित राखायची आहे. हाच नियम अर्जाच्या खिडकीवर लावायचा तर दाखल्यावर 'दुर्धर आजार' एवढंच लिहिलं तरी चालायला हवं, आणि समितीसमोर नावांऐवजी क्रमांक जायला हवेत. यात पैसा लागत नाही.

बाई शेवटी जेवते

१९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांमधल्या स्त्रियांचा होता. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता. महाराष्ट्रातल्या गावागावांत एचआयव्ही असाच उंबरठ्याच्या आत आला. आधी नवरा गेला, मग 'हिनंच खाल्लं त्याला' म्हणून सासरनं बाहेर काढलं, आणि माहेरी भावजयीच्या चुलीवर हक्क सांगता येईना.

आपल्या घरांत बाई शेवटी जेवते, हे सगळ्यांना माहीत आहे. पातेल्यात उरलेलं तिचं. बाधित बाईच्या घरात तीच कमावती, तीच आजारी आणि तीच शेवटी जेवणारी. मुलांच्या ताटात डाळ वाढून आपण भाताबरोबर तिखट-मीठ खाणारी आई समुपदेशकाला 'जेवते की व्यवस्थित' असंच सांगते, आणि ते खोटं आहे असं तिला स्वतःलाही वाटत नाही.

२०१७ च्या कायद्यात तिच्या उपयोगाचं एक कलम आहे. एकत्र राहत्या घरातून बाधित स्त्रीला किंवा अल्पवयीन मुलाला बाहेर काढता येत नाही, राहण्याचा हक्क त्यांना आहे. जिला घर आहे तिला चूल आहे, रेशन कार्डावर नाव आहे, परसात शेवग्याचं झाड आहे. अन्नाचा प्रश्न इथे जमिनीच्या आणि छपराच्या प्रश्नाला जाऊन मिळतो.

मुलं

चांद्यापासून फार लांब नाही, याच मुळशी तालुक्यात भूगावला 'मानव्य' संस्थेचं 'गोकुळ' आहे. विजयाताई लवाटे पुण्याच्या बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्या स्त्रियांची आणि एड्सनं आईबाप गमावलेली मुलं कुठे जाणार, या प्रश्नातून १९९७ साली 'मानव्य' उभी राहिली. पंढरपूरला मंगलताई शहांचं 'पालवी', लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं 'सेवालय', बीडला दत्ता बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया' ही त्याच वाटेवरची घरं. तिथल्या पंगतीत प्रत्येक मूल बाधित आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लपवायचं काही उरत नाही. दूध, अंडं, गोळी सगळं एका घंटेवर होतं.

स्वतःच्या किंवा आजीच्या घरात वाढणाऱ्या बाधित मुलाला ही मोकळीक नाही. त्याच्यासाठी शालेय पोषण आहार आहे. खिचडी त्याला सगळ्यांसारखीच मिळते, कारण विचारलं जात नाही, हे तिचं मोठेपण. राज्याची बालसंगोपन योजना अशा मुलांना लागू होते आणि २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. शाळेच्या सुट्टीत खिचडी थांबते, तेव्हा घराला हीच रक्कम आधार देऊ शकते. आईबापांमागे राहिलेल्या मुलांसाठी २०१७ च्या कायद्यानं थोरल्या भावंडालाही एक अधिकार दिला: १२ ते १८ वर्षांचं, घराचा कारभार कळणारं मूल धाकट्याच्या शाळा, उपचार, बँक खातं अशा कामांत पालक म्हणून सही करू शकतं. तेराव्या वर्षी घर चालवणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत म्हणूनच असं कलम लिहावं लागलं.

तान्ह्या बाळाबद्दल एवढंच: आई एआरटीवर असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजावं, असा आजचा सल्ला आहे. मधेच वरचं दूध, पाणी, घुटी असं मिश्र पाजणं टाळायचं, त्यानं धोका वाढतो. म्हणजे बाळाचं अन्न आईच्या ताटावर उभं आहे.

न विचारता दिलेला शिधा

हे सगळं वेगळ्या पद्धतीनं करता येतं, याचा पुरावा आपल्याच देशात आहे.

२०२० च्या टाळेबंदीत बुधवार पेठेतलं उत्पन्न एका रात्रीत थांबलं. अनेकींकडे रेशन कार्ड नव्हतं, काहींना एआरटी सुरू होती. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना आदेश दिला, की एड्स नियंत्रण संघटनेनं ओळख पटवलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्रानं ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपयेही जाहीर केले, शाळकरी मुलं असलेल्यांना २,५०० जादा. ज्या यंत्रणेकडे नावं आधीच गोपनीय आहेत, तिच्याच मार्फत अन्न पोचवायचं, एवढी साधी कल्पना. संकट सरलं आणि कल्पनाही मागे पडली.

दुसरा दाखला क्षयरोगाचा. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून प्रत्येक रुग्णाला उपचाराच्या काळात दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. दवाखान्यात नोंद झाली की पुरे, तालुक्याच्या समितीपुढे जावं लागत नाही. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत केलेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांवर तो झाला. काही घरांत रुग्णाबरोबर बाकी सगळ्यांनाही धान्य आणि डाळ दिली, तिथे नव्यानं क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. एचआयव्ही बाधिताला सर्वांत मोठा धोका क्षयरोगाचाच. मग बाधित माणसाला पोषणाचे पैसे मिळण्यासाठी आधी क्षयरोग व्हावा लागतो, ही व्यवस्था मला पटत नाही. बिहारनं एड्स नियंत्रण सोसायटीमार्फत बाधितांना दरमहा १,५०० रुपये देण्याची स्वतंत्र योजना चालवली आहे. बिहारला जमतं ते महाराष्ट्राला न जमण्याचं कारण नाही.

केनियात बाधित शेतकऱ्यांना पाण्याचा पंप, बियाणं आणि कर्ज देऊन मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला: घरातलं अन्न वाढलं, नैराश्य घटलं. रक्तातला विषाणू दाबण्यात मात्र मदत न मिळालेल्या गटापेक्षा फरक पडला नाही, कारण तिथे दोन्ही गटांत औषधानं आपलं काम आधीच सुधारलं होतं. काही लोक यावरून म्हणतील, मग अन्नाचा खर्च कशाला? माणसाचं पोट भरलं आणि मन सावरलं, हा निकाल मला पुरेसा वाटतो.

ताटात काय, आणि ते स्वस्तात कसं

महागड्या प्रोटीन पावडरीच्या डब्याची गरज नाही, आणि ते डबे विकणाऱ्यांपासून लांब राहावं. मूठभर शेंगदाणे आणि गूळ, दिवसाला एक अंडं, आठवड्यातून तीन-चारदा मोड आलेली मटकी किंवा हुलगे, नाचणीची भाकरी किंवा आंबील, शेवग्याचा पाला, वर लिंबू. रेशनच्या तांदळात मूठभर डाळ घालून खिचडी केली की दोन्हींची प्रथिनं एकमेकांना पूर्ण करतात. तोंडात फोड असतील तर तिखट बंद, मऊ भात-ताक, पेज, केळं. जुलाब असतील तर मीठ-साखरेचं पाणी आणि थोडं थोडं पण खाणं चालू. पाणी उकळून, शिळं पूर्ण गरम करून, अंडं पूर्ण शिजवून. सीडी फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी असलेल्या माणसाला दूषित पाण्यानं होणारा जुलाब महिनाभर मागे खेचतो.

केंद्रात, कचेरीत

एआरटी केंद्रात प्रत्येक खेपेला वजन घेतात. घटलेलं वजन कळतं, तेव्हा उपासमारीला काही महिने होऊन गेलेले असतात. काळजीचा प्रश्न आधी विचारला तर आधी कळेल, आणि वर दिलेले आठही प्रश्न पाच मिनिटांत होतात.

स्वतः अर्ज करणाऱ्यासाठी दोन-तीन गोष्टी. रेशन कार्डाची प्राधान्य मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपये उत्पन्नाची आहे, त्यासाठी आजार सांगावा लागत नाही, म्हणून आधी ते कार्ड करून घ्यावं. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे बाहेरून आलेल्या मजुराला आपल्या गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं, आणि गावातल्या दुकानात जाणं नको वाटणाऱ्याला शेजारच्या गावातूनही धान्य उचलता येतं. दुकानातलं मशीन अंगठा मागतं, आजार नाही. अंत्योदय किंवा निराधार योजनेसाठी अर्ज करताना केंद्रातल्या समुपदेशकाला सोबत घ्यावं आणि दाखला बंद पाकिटात, थेट अधिकाऱ्याच्या हाती द्यावा. कोणी स्थिती फोडली तर २०१७ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. काहीच सुचत नसेल तर १०९७ हा एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे. फोन करणाऱ्याची ओळख गुप्त राहते.